सावडायला न येणारा उमेदवार

वडूजकडच्या आमच्या कोरडवाहू भागात निवडणूक भाषणावर जिंकता येते, असं ठामपणे मानणारी दोनच माणसं होती. एक मी आणि दुसरा माझा शाळेपासूनचा दोस्त. तो फौजेतून हवालदार होऊन परतला, वर्षभर गावात बसून कंटाळला आणि एका नव्याकोऱ्या पक्षाकडून पंचायत समितीला उभा राहिला. प्रस्थापितांना घरी बसवायचं, एवढाच त्या पक्षाचा कार्यक्रम. भाषणं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कविता छापून आलेला गावातला मी एकटाच.

मी लिहायचो, तो गरजायचा. वीज फुकट, टँकर बंद, शिवारात पाणी. शिट्ट्या पडायला लागल्या तसा मला जास्तच जोर चढला. समोर उभे असलेले जुने सभापती करतात काय, तर लग्नात अक्षता टाकतात आणि मयताच्या राखेशेजारी उभं राहून श्रद्धांजलीची भाषणं ठोकतात. म्हणून मी लिहिलं, "मी लग्नाला येणार नाही, सावडायलाही येणार नाही. मी तुमची कामं करीन!" पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. पुढं बसलेली एक म्हातारी मात्र शेजारणीला म्हणाली, "आगं, मग आमी मेल्याव येनार कोन?" मला हसू आवरेना.

मतदानाच्या दिवशी दोस्ताच्या चिन्हाकडे बोट नेलं आणि नेमके वडील आठवले. ते उन्हाळ्यात गेले. सावडायला सभापती सकाळी सातला हजर. चपला लांब काढून आमच्यासोबत मातीत बसले. दोन मिनिटं बोलले, त्यातही वडिलांना निर्व्यसनी म्हणाले. वडिलांच्या खिशात कायम तंबाखूची पुडी. तरी ते ऐकताना मी पहिल्यांदा रडलो होतो. बोट आपोआप सभापतींच्या बटणावर गेलं.

दोस्त दणकून पडला. निकालाच्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"शिट्ट्या तर लय पडत हुत्या गड्या. चुकलं कुठं?"

"लोकच बेइमान," मी म्हणालो.

"तू तरी मलाच दिलंस न्हवं?"

"व्हय."

"ते काय इचारायचं हाय व्हय," तो स्वतःशीच हसला. "तुझ्या बाचं सरण मी रचलं, भर उन्हात. तू कसा इसरशील?"

मी साफ विसरलो होतो. त्यानं तेव्हा भाषण केलं नव्हतं.