किलोवर निवडलेली गिटार

वस्तू हातात घेतल्या घेतल्या तिचं वजन सांगणारा माणूस अख्ख्या नागपुरात माया जोडीचा सापडणार नाही, लोकं काट्यापेक्षा माया हातावर भरोसा ठेवतात. अन् माया दोस्ताच्या, मंगेशच्या तिरडीले खांदा देल्ला तवा मी असा काही जोर लावून उचललं, का माया कोपरा वर अन् बाकीचे तीन खाली... मागून एकजण ओरडला, "हळू गा, मयत घसरून राहिलं!" एवढा हलका झाला असन हे मले समजलंच नव्हतं. रोज तर भेटत होतो.

त्या दिवशी सकाळी मी दुकानात रद्दीचे गठ्ठे बांधून राहिलो होतो. वैनीचा, म्हणजे मंगेशच्या बायकोचा फोन आला. एवढंच म्हणे, "भाऊजी, या." मी सवयीनं बोलून गेलो, "चहा मांडा, आलोच." फोन चालू, अन् बोलणं बंद... तवा कुठं माया डोक्यात उजेड पडला.

या गोष्टीले काही हप्ते झाले. पेपरवाले म्हणे, तुमच्या दोस्तावर लिहा. पेपरशी माया संबंध जुना आहे, पण तो किलोचा. चौथीत असताना शाळेनं मले सोडलं. चुकलं असन तर सोडून द्या, हा कागद शेवटी माया दुकानातच येणार आहे, मी घरच्या घरी गठ्ठ्यात बांधून टाकीन.

मंगेश अन् मी गोळीबार चौकाच्या एकाच गल्लीतले. त्याचं घर विणकराचं. बापासंगं माग गेला, अन् मंगेशच्या हाती गिटार आली. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवे. लोकं जेवून राहिले, हा वाजवून राहिला. म्हणे, "दिन्या, माया गिटारीवर लोकं फक्त पनीर वाढून घेतात बे." त्याले पाहिजे होता जड, काळा आवाज. हे मले समजवण्यात त्याचे कितीक वर्ष गेले. एकदा म्हणे, "लाईट गेल्यावर घरात कसा अंधार पडते, तसा आवाज." मी म्हटलं, "मंग गिटार काहून शिकला? वायरमन व्हायचं ना."

मंग त्याले दम लागाले लागला. डॉक्टर म्हणे, हृदय मोठं झालं, पंप कमजोर आहे. मी म्हटलं, "साहेब, याचं दिल पहिल्यापासूनच मोठं आहे." डॉक्टरनं जिना बंद केला, वजन बंद केलं, पाण्याची बालटीसुद्धा उचलू नोका म्हणे. अन् मंगेशची खोली वरच्या माळ्यावर. खालचा हिस्सा भावाचा, त्यात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. वर जायले लोखंडी जिना, असा उभा का आमी त्याले शिडीच म्हणो. दवाखान्यातून आणल्यावर आमी चौघांनी त्याले खुर्चीत बसवून वर चढवलं. त्याच्यानंतर तो खाली आलाच नाही. आला, पण चार खांदे लागले तवाच... खोलीले एक खिडकी. उघडली का समोर बाजूवाल्याची भिंत, हात लांबवला तर लागन एवढी जवळ. मी म्हणो, "बरं आहे, चोर येत नाही." तो म्हणे, "चोराले तरी जागा पाहिजे ना बे आत यायले."

ऑर्केस्ट्राची गिटार त्यानं तिथल्याच एकाले देऊन टाकली. म्हणे, "आता लग्नातलं बस झालं. आता एकदा मायावालं वाजवतो, उभं राहून, पोटापासून. किती दिवस आहेत कोणाले माहीत." दुकानं फिरणं त्याले जमणार नव्हतं, म्हणून मले पाठवलं. मी फोन चालू ठेवायचा, त्यानं पलंगावरून ऐकायचं. "जुनीच पाह्य, जुनं लाकूड वाळलेलं राह्यते. हेवी पाहिजे. अन् पिकअप पाहून घेजो." मी म्हटलं, एवढंच ना? जुन्या मालात माया जन्म गेला.

सदरच्या दुकानात गेलो अन् ऐटीत विचारलं, "शेठ, पिकअप कसा आहे हिचा? चढावर दम तर नाही सोडत?" दुकानदार मायाकडे पाहतच राहिला. फोनमधून मंगेशचा आवाज आला, तो हासून राहिला होता, हासता हासता खोकलाले लागला. "अबे बुद्दू, गाडीचा नाही! तारेखाली चुंबकाचा डबा असते, तो आवाज पकडते, त्याले पिकअप म्हणतात. दोन डबे जोडून असले का आवाज जाड येते." मी लगेच डबे मोजले अन् फोन गिटारीच्या पोटाले लावला, डॉक्टर लावते तसा. "स्पीकरपाशी धर बे! ती पेशंट आहे का?" आवाज काही त्याले पटला नाही, त्या दुकानातून आमी रिकाम्या हातानंच निघालो. दुकानदार दारापर्यंत सोडाले आला, मी परत येणार नाही याची खात्री कराले.

दुसरी पाह्यली धरमपेठेत, एका कॉलेजवाल्या पोराची. काळीकुट्ट, वर कवटी रंगवलेली. मले तर पाहताच पटली. म्हटलं, हिच्याहून काळा आवाज कोणाचा असन? पोरानं वाजवली. मंगेश म्हणे, "रंग काळा आहे, आवाज पांढरा आहे. चाल, निघ."

तिसरी कामठीले निघाली. एका फौजीची बदली झाली होती, तो सामान विकून राहिला होता. गिटार तपकिरी, रंग खरवडलेला, एका बाजूनं ठेचलेली. मी तर पाहूनच नाक मुरडलं. पण हातात घेतली अन् म्हटलं, बाप रे! आधीच्या दोन्हीपेक्षा जड. आता मंगेशनंच सांगितलं होतं ना, हेवी पाहिजे? माया डोक्यात हेवी म्हणजे वजन. मी थैलीतून ताणकाटा काढला अन् तिले हुकाले टांगली. फौजी म्हणे, "भाईसाब, ये क्या कर रहे हो?" मी फोनवर ओरडलो, "मंग्या, भेटली! साडेचार किलो भरली!" तिकडून त्यानं कपाळावर हात मारलेला मले ऐकू आला. मंग म्हणे, "दांडी एका डोळ्यानं पाह्य, वाकली तर नाही?" हे मले येते, लोखंडाचा गज आमी तसाच पाहतो. सरळ होती. "आता फौजीभाऊले सांग, सगळ्यात जाड तार थोडी ढिली करून मारा." फौजीनं मारली. माया दातापर्यंत आली ती. मले वाटलं फोन कटला. मी हॅलो हॅलो करून राहिलो... मंग एकदम हळू आवाज आला, "तीच."

शेअर ऑटोत मांडीवर घेऊन आणली, नवरी आणल्यासारखी. शिडीवरून वर नेली, तर वैनी दारातच उभी. हातात घेऊन पाह्यली तिनं. "भाऊजी, डॉक्टर याले बालटी नाही उचलू देत, अन् तुमी हे उचलून आणलं?" अन् खरंच गा, हे माया ध्यानातच नव्हतं आलं. अख्ख्या शहरातून शोधून शोधून मी बिमार माणसाले सगळ्यात जड गिटार आणून देल्ली. मंगेशनं पट्टा गळ्यात घातला, उभा राहिला, अन् लगेच पलंगावर बसला. ओठ निळे. मी म्हटलं, वापस करून येतो. म्हणे, "हात तर लावून पाह्य तिले!"

मंग तो जुना स्पीकर लावून, तिले पोटावर घेऊन पडल्या पडल्या वाजवे. मी दुकान बंद करून संध्याकाळी जावो. फळीवरचे गिलास थरथरत. खालून भाऊ छताले काठी मारे. मी पहिल्यांदा विचारलं, "हे कोणतं गाणं होय?" तर म्हणे, "गाणं नाही बे. हे या खोलीतच होतं. मी निस्ती वायर जोडली." खरं सांगतो, मले तो आवाज सहन होत नव्हता. दुकानाचं शटर कोणी बाहेरून ओढलं अन् आपण आतच राहिलो, तसं होये. मी काहीतरी बहाणा करो, फोन आला, गाडी खाली उभी आहे... तो डोळे न उघडता म्हणे, "गाडी कोण नेते तुयी? बस." मी जोक माराले तोंड उघडलं का तार मारे. त्याले जायले जागा नव्हती, मले होती, तरी मी तिथंच बसो.

एक दिवस वैनी भाजीले गेली होती. मंगेश म्हणे, "दिन्या, मले उभं राहून वाजवायची आहे." मी म्हटलं, नोको गा. तो म्हणे, "वजन तू घे, वाजवतो मी." मंग तो भिंतीले टेकून उभा राहिला. मी त्याच्यापुढं गुडघ्यावर बसलो अन् खालून दोन्ही तळहातावर गिटार तोलून धरली, त्याच्या पोटापाशी. सगळं वजन मायाकडे, त्याच्याकडे निस्ते बोटं. त्यानं वाजवलं. आवाज माया हातातून छातीत उतरून राहिला होता, अन् हलता येत नव्हतं, नाक खाजवता येत नव्हतं. किती वेळ झाला सांगता येत नाही. वर पाह्यलं तर तो मायाकडे पाहतच नव्हता. समोरच्या भिंतीकडे पाहून राहिला होता, ती तिथं नसल्यासारखा... वैनी आली, भाजीची थैली हातात घेऊन दारातच थांबली. मंग तिनं त्याले धरून पलंगावर बसवलं, अन् मले म्हणे, "आता जा."

तो गेल्यावर एक-दोघं आले, गिटार विकता का म्हणे. वैनीनं मायाकडे बोट दाखवलं. जुन्या मालाचा मी एवढा मोठा व्यापारी, माया तोंडातून भावच निघाला नाही. ते गेले. गिटार पलंगावरच आहे, त्याच्या जागी, आडवी. मागच्या रविवारी मी वर गेलो, वैनी सैपाकाच्या कोपऱ्यात होती. मी हळूच गुडघ्यावर बसलो, गिटार उचलली, दोन्ही तळहातावर धरली, तितकीच उंच, भिंतीपाशी. तसाच बसून राहिलो. हात भरून आले तरी खाली ठेवावं वाटेना... मागं वैनी कवा येऊन उभी राहिली, कळलं नाही.

म्हणे, "भाऊजी, तुमाले ना वाजवता येत, ना रडता येत. सरका तिकडं, मले चादर बदलायची आहे."