एका बुटाची परी आणि सुजाता

सुजाता काल गेली. लहानपणी तिच्या बाबांची टपरी जळाली होती, ती माझ्यामुळे.

काडी मी लावली नाही. मी फक्त बोट दाखवलं.

सातवीत होतो आम्ही दोघी, परभणीत. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला. शाळा कधीही मधेच सुटायची. बाजारात दुकानांची शटरं अर्धी खाली असायची.

मोठी माणसं बोलता बोलता आम्हाला बघून गप्प व्हायची.

त्या दिवशीही शाळा लवकर सुटली. सुजाताचं घर लांब, म्हणून ती माझ्याबरोबर आमच्याकडे आली. दारात रोजच्यापेक्षा जास्त चपला होत्या. मी बघितल्या आणि ओलांडून आत गेले.

घरी भाड्यानं व्हीसीआर आणला होता. आईला देवाचा पिक्चर बघायचा होता. कॅसेटचं कव्हर देवाचंच होतं, पण आत निघालं कार्टून. जपानी असावं. दुबईहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं.

आई वैतागून स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघी बघत बसलो.

आधी मला भीतीच वाटली. टपोऱ्या डोळ्यांची एक मुलगी कालथ्यासारखी काठी फिरवते, काहीतरी ओरडते, अंगातून उजेड निघतो आणि ती दुसरीच कुणीतरी होते. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं.

मग कळलं, ही सगळी चेष्टा चाललीय. उजेड विझला की परीच्या एकाच पायात बूट! झगा उलटा! आणि तिला खायला आलेला राक्षस बिचारा घड्याळ बघत ताटकळलेला. शेवटी तोच पलंगाखाली वाकून तिचा दुसरा बूट शोधायला लागतो.

सुजाता आवाज भारी काढायची. राक्षस तिनं घेतला.

"बाई, आटपा की लवकर. मला लय भूक लागायलीय."

परी मी झाले.

"थांब रे मुडद्या! नामांतर व्हायलंय माझं!"

शब्द माझा होता.

ती मुलगी नवीन नाव घेऊन रूप बदलत होती, मग त्याला दुसरं काय म्हणणार? रोज कानावर तोच एक शब्द पडायचा. त्यासाठी माणसं जीव द्यायलीत, घ्यायलीत, हे कुठं कळत होतं.

आम्ही हसून हसून लोळलो. मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा दोघी मिळून ओरडलो.

बैठकीतलं बोलणं थांबलं.

थोरले काका दारात येऊन उभे राहिले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा कधीच आवाज चढवत नसत. त्या हळू बोलण्यालाच घरात सगळे भ्यायचे.

"कोण म्हणलं ते?"

मी सुजाताकडे बोट केलं.

विचारसुद्धा करावा लागला नाही. कुणाकडे बोट दाखवलं की आपण सुटतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी येत होतं. याची आजही लाज वाटते.

सुजातानं माझ्याकडे एकदा बघितलं. "मी न्हाई" असंही म्हणाली नाही.

अण्णा मायेनंच बोलले.

"बापाचं नाव काय गं तुझ्या?"

तिनं सांगितलं. आडनावासकट.

"काय करतो?"

"सायकली दुरुस्त करतेत. टेशनाजवळ टपरी हाय."

"बरं. सांभाळून जा, बाळा."

ती दप्तर घेऊन गेली. अण्णा बैठकीत परतले. थोड्या वेळानं दोन माणसं चपला घालून बाहेर पडली. आईनं येऊन टीव्ही बंद केला.

"तू काई ऐकलं न्हाईस," ती म्हणाली.

दोन दिवसांनी टपरी जळाली. शॉर्टसर्किट झालं म्हणे.

टपरीला लाईटच नव्हती.

आमच्या घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. करून सवरून नामानिराळी राहिले.

सुजाताचं कुटुंब चुडाव्याला तिच्या मामाकडे निघून गेलं. बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव गाळलं, तेव्हा मी वहीकडे बघत बसले.

पुढं ती नर्स झाली. तीन वर्षांपूर्वी फेसबुकवर सापडली. मी लांबलचक माफी लिहिली, सगळी खोडली आणि नुसतं "कशी आहेस?" पाठवलं.

तिनं अंगठा पाठवला. बस्स, तेवढंच.

काल तिच्याच अकाउंटवरून कॉल आला. तिची लेक होती.

"आई सकाळी गेली."

मी रडत म्हणाले, "निघतेच मी. रात्रीच्या गाडीनं येते."



"नका येऊ, मावशी. आईनं सांगून ठेवलं व्हतं. तिला कळवा म्हणली. पण घरात घेऊ नका."

सुजाता, मी नाही येत.

इथूनच हात जोडते.