घागरीवरचं मडकं

वडिलांना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या आमच्या घरामागं कूलरचा जुना पत्र्याचा सांगाडा पडला होता. दुसऱ्या कुणी तो भंगारात घातला असता. वडिलांनी वाळ्याच्या ताट्या काढून तिथं बारीक तारेची जाळी ठोकली, आत पेरूची फांदी अडकवली, पोटाला भोक पाडलेलं मडकं टांगलं आणि बाजारातून लव्हबर्डची जोडी आणली. खरं तर ते बजरीगर, ऑस्ट्रेलियातल्या रखरखीत माळावरचे छोटे पोपट. पण आमच्या गल्लीत सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणत. नावासोबत एक समजूतही चिकटून आलेली. जोडीतला एक मेला की दुसरा झुरून मरतो म्हणे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर वडील गेले. मी शिरपूरला दिलेली. पाडव्याला माहेरी आले ती अखजी होईपर्यंत राहायचं ठरवूनच. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वडिलांची ती पहिलीच घागर होती.

येऊन पाहते तर काय! आई फाटकाच्या बाहेर पाऊल टाकत नव्हती. आयुष्यभर बाजार वडिलांनी केला, भाऊ नोकरीला लांब, आणि आता शेजारच्या अक्का भाजी आणून देत. जेवण म्हणजे ओट्याशी उभ्यानं दोन घास. मी ओरडायचे, ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा उभ्यानंच खायची. माझा स्वभाव तापट, पण त्या गप्प बाईपुढं माझाही तोंडाचा पट्टा थकला.

मी आले त्याच आठवड्यात नर मेला. सकाळी पाहिलं तर खाली वाळूत पडलेला. नाकावरची निळी चकती तेवढी अजून चमकत होती. मादी मडक्यात अंड्यांवर बसलेली. ती अंड्यांवरून उठत नाही, नरच दाणे गिळून आणतो आणि भोकातून तिच्या चोचीत भरवतो, हे वडिलांनी मला कधीतरी दाखवलं होतं. आता तिला कोण भरवणार?

अक्का भाजी घेऊन आल्या, पिंजऱ्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "गेला का? मग हीपण काही राहत नाही. लव्हबर्ड ना, एकटी जगतच नाही ती."

आई तिथंच उभी होती. अक्का मनाच्या वाईट नव्हत्या, पण माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली. धुळ्याकडची ती, चिडली की अहिराणीत यायची.

"काब्र मरी ती? मी मरनू का?"

का म्हणून मरेल ती, मी मेले का, हा सवाल ऐकून अक्कांनी भाजीची पिशवी ठेवली आणि पदर सावरत निघून गेल्या. त्या दिवसापासून आईनं पिंजऱ्यासमोर ठाण मांडलं. तिला ती पाखरी जगायला हवी होती. तेवढं एकच तिला हवं होतं. माझाही जीव टांगणीला लागला, कारण पाखरी मेली असती तर अक्कांचं बोलणं आईच्या मनात कायमचं घर करून बसलं असतं.

आणि ती पाखरी! हातात मावेल एवढा जीव. दुपारी जळगावचं ऊन पत्रा नुसता भाजून काढायचं, माणसं दारं लावून आडवी व्हायची. त्या वेळी ती मडक्याच्या भोकातून बाहेर यायची, राळ्याचे दाणे घाईघाईनं सोलायची, चुन्यासाठी जाळीला अडकवलेल्या समुद्रफेसाच्या पांढऱ्या तुकड्याला चार टोचे मारायची, मग पाण्याच्या वाटीत छाती बुडवून ओल्या पिसांनिशी आत जायची. अंडी फार वाळू नयेत म्हणून! हे तिला कुणी शिकवलं? माळरानातल्या तिच्या पणज्यांनी? आम्ही दोघी जाळीला नाक लावून पाहत राहायचो. आई पुटपुटायची, "गेली. खाल्लं. आली." जणू स्वतःलाच सांगत होती.

पिल्लं निघाली ती एकदम नाही, एका दिवसाआड एक. त्यामुळं मोठं, मधलं, लहान अशी उतरंडच लागली. ती आंधळी, उघडी, गुलाबी. मानेची कातडी इतकी पातळ की मादीनं भरवलेले दाणे आतून दिसायचे. एकटी मादी आता स्वतःचं पोट भरून त्या सगळ्यांना भरवत होती. सर्वांत धाकट्याला आधी मऊ, दुधासारखं काहीतरी, थोरल्याला दाणे. मी पदवीधर बाई, पण ते पाहताना माझे हात आपोआप जोडले गेले. लाज वाटली नाही.

अखजीच्या आदल्या दिवशी सकाळी मादी दाणे खात असताना एका बोक्यानं पिंजऱ्यावर उडी घेतली. सांगाडा हादरला, तार निसटली, मडकं खाली आदळून त्याचे दोन तुकडे झाले. मी काठी घेऊन बोक्यामागं धावले, शिव्यांची लाखोली वाहिली. परत आले तर पिल्लं वाळूत वळवळत होती आणि मादी फांदीवर दगडासारखी थिजली होती.

"मडकं पाहिजे," मी म्हणाले. "आत्ता कुठून आणू?"

आई घरात गेली. घागरीसोबत, तिच्यावर ठेवायचं लहान मडकं अक्कांनी कालच आणून दिलं होतं. वडिलांच्या नावाचं. आईनं तेच आणलं, बादलीत बुडवलं, खिळा आणि बत्ता घेऊन बसली.

"आई, अगं ते घागरीवरचं आहे!"

"माहीत आहे मला."

तिनं खिळा टेकवला. मला वडिलांना अग्नी देतानाचं, भावाच्या खांद्यावरचं ते दुसरं मडकं आठवलं, ज्याला भोक पाडतात आणि पाणी गळत राहतं. आईलाही आठवलं असणार. तिचा हात थांबला. मग हळूहळू, टवका उडणार नाही अशा बेतानं, तिनं गोल भोक पाडलं. आत भुसा घातला, एकेक पिल्लू तळव्यावर घेऊन आत ठेवलं, मडकं टांगलं.

आता सगळं त्या पाखरीच्या मनावर. नवं मडकं, नवा वास, माणसांचे हात लागलेली पिल्लं. ती हलेना. आतून बारीक चिवचिव येत होती, तीही क्षीण होत चालली. आई जाळीला नाक लावून उभी. मी मनातल्या मनात वडिलांना म्हणाले, तुमची पाखरं, तुम्हीच काय ते बघा.

मादी फांदीवरून एक पाऊल सरकली. आणखी एक. भोकाशी आली, मान आत घातली, बाहेर काढली. काठाला चोच मारून पाहिली. मग उडून दाण्यांच्या वाटीपाशी गेली, पोटभर खाल्लं, आणि सरळ आत शिरली. आत एकदम कालवा झाला.

"जित्ती शे," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. वडील गेल्यावर सर्वांसमोर रडली होती, पण ते रडणं वेगळं होतं. मीही रडले.

मी डोळे पुसून म्हणाले, "चल, मी जाऊन दुसरं मडकं घेऊन येते."

"तू पिल्लांजवळ थांब. बोका येईल." आईनं कोपऱ्यातल्या चपला काढल्या, धूळ झटकली, पायात घातल्या. पिशवी घेतली आणि फाटक उघडून निघाली. पलीकडं अक्का गहू निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला.

ऊन चढलं तरी आई येईना. मी एकदा पिंजऱ्याकडं, एकदा फाटकाकडं, असं किती वेळा केलं देव जाणे. शेवटी आली. तोंड लालबुंद, कमरेवर मडकं, पिशवीत राळ्याची पुडी.

"पहिलं वाजवून पाहिलं, बद्द निघालं. मग पुढं गेले." मडकं खाली ठेवून तिनं आधी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. मग हातपाय धुतले, पाट मांडला आणि त्यावर बसली.

"वाढ मला," ती म्हणाली. "भूक लागली."