शांताची सूज आणि मुलाचा फोन

आम्ही दोघं शेवटचं धडपणी बाहेर गेलो ते दुर्गदबैलच्या बाजारात, बांगड्या भरायला. शांताचं नेहमीचं माप हाताला चढेना. कासारणीनं मनगट दाबून बघितलं, बोटाचा खड्डा तसाच राहिला. ती म्हणाली, "अक्का, हे मांस नव्हे, पाणी आहे. डॉक्टरला दाखव."

"बांगड्या विकायच्या सोडून तू डॉक्टर कधी झालीस ग?" शांता हसली. मोठ्या मापाच्या घेऊन घरी आलो.

चार दिवसांत पाय सुजले. ती खानावळीला भाकऱ्या थापून द्यायची, तिला बसलेलं उठता येईना. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अज्जा, क्रिएटिनिन फार वाढलंय. दोन्ही किडन्या गेल्यात."

क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठणारी घाण. ती किडनी बाहेर काढते. किडनी बसली की मशीन लावून रक्त धुवायचं, त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून दोनदा, जन्मभर. मी विचारलं, "बरी कधी होणार?" त्या म्हणाल्या, "बरी होणार नाही. चुकवलं नाही तर जगेल." बाई गोल गोल बोलल्या नाहीत, हे मला पटलं.

मी चौथी शिकलेला, सगळा जन्म लेथवर गेला. मलाही गोल बोलता येत नाही. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे आणि पोरगा परदेशात, त्यांनी हे वाचावं.

आमचा संजू गल्फला एसी दुरुस्तीला गेला. तिथल्या मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला, पगार दिला नाही. हा पळून दुसरीकडे कामाला लागला. झालं, कायद्यानं तोच गुन्हेगार. रस्त्यावर पोलीस दिसला की गल्लीत शिरायचा. त्याच्याच पैशावर घर होतं. सून गोकुळ रोडला पॅकिंगच्या कामाला जायची. नात पूजा दहा वर्षांची. फोन लावायचं काम तिचं, मला ते जमत नाही.

डायलिसिस फुकट होतं. रक्त वाढायची इंजेक्शनं बाहेरून आणायची. शांता आत चार तास, मी बाहेर. बाकावर बसवत नसे. गेटपासून नळापर्यंत, नळापासून गेटपर्यंत. वॉचमन कानडीत म्हणे, "अज्जा, कुंद्रि री!" मी म्हणे, "तूच बस."

फोनवर संजूनं तिचा सुजलेला चेहरा बघितला. "आई, गाल बघ की तुझे! तब्येत झकास झाली."

"तुझंच खाऊन जाड झाले," शांता म्हणाली. हाताला फिस्टुला केलेला, म्हणजे मशीनच्या सुईसाठी शिरा जोडलेली. ती पट्टी पदराखाली. लपवायचं मीच सांगितलेलं.

मग तिकडच्या सरकारनं माफी काढली. कागद नसलेल्यांनी ठरल्या मुदतीत दंड न भरता घरी जावं. संजूनं विचारलं, "आई बरी आहे ना? नसेल तर येतो. आलो की परत जायला मिळेल का, ठाऊक नाही."

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मुलगा असेल तर बोलावून घ्या."

शांता म्हणाली, "येऊ दे की त्याला."

"आणि तुझी इंजेक्शनं? पोरीची शाळा?" मी ओरडलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी पूजाच्या हातात फोन दिला. काय बोलायचं ते शिकवलं. "पप्पा, अज्जी बरी आहे. तुम्ही राहा."

मुदत संपली. तीन आठवड्यांनी त्याच्या खोलीवर धाड पडली. सोबत्याचा फोन आला, संजू आत आहे, कधी सोडतील ठाऊक नाही.

पैसे थांबले. इंजेक्शनं थांबली. पूजाला कॉन्व्हेंटमधून काढून सरकारी कन्नड शाळेत घातलं. महिन्यात तिथल्या बाईंनी मला बोलावलं. "अज्जा, पोरगी हुशार आहे, पण खोटं फार बोलते. वडील विमानाचे इंजिनियर आहेत म्हणते. अज्जी रोज पोहायला जाते म्हणते." मी मान खाली घालून आलो. शिकवणारा मीच होतो.

आठ-दहा दिवसांनी संजूला दोन मिनिटं फोन करू द्यायचे. चेहरा दिसत नसे. पूजा सांगायची, अज्जी झोपलीय. अज्जी शेजारी गेलीय. शांता अंथरुणातून ऐकत असायची. तिला दम लागायचा, दोन वाक्यं बोलली तरी कळलं असतं.

गुरुवारी फुप्फुसात पाणी भरलं. मशीन लावलं, पण हृदय थांबलं. नर्सबाईंनी तिचे केस विंचरून दिले, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. संध्याकाळी मातीला माणसं जमली. मुलाच्या जागी मीच अग्नी दिला.

पोरं लांब असतात म्हणून त्यांच्यापासून आजार लपवू नका. यायचं की राहायचं, ते त्यांना ठरवू द्या. मी ठरवलं. शांताचंही मीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून न्हाणीघरात होती. फोन वाजला. पूजानं उचलला, तळहातानं झाकला आणि माझ्याकडे बघितलं. "अज्जा, पप्पा आहेत. आज काय सांगू?"

मी फोन हातातून घेतला. "संजू, तुझी आई काल गेली. दहा महिने आजारी होती. माफीच्या वेळी पोरीला मी खोटं बोलायला लावलं. तिच्यावर रागवू नकोस. माझ्यावर रागव."

त्याच्या मागं कुणीतरी ओरडत होतं, वेळ संपली म्हणत असेल. त्यानं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. आपोआप तुटेपर्यंत कानाला धरून उभा राहिलो.

पूजा तिथंच होती. तिला म्हणालो, "जा, तोंड धू. आता तुला काही सांगायचं राहिलं नाही."