पुढच्या चाकांचे लॉक

जठारपेठेतला आमचा मिस्त्री गाडीची तक्रार मालकाकडून ऐकतच नाही. माझ्या जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या बॉनेटवर हात ठेवून तो तिलाच विचारतो, "काय होऊन राह्यलं माय तुले?" मी मध्ये बोललो की म्हणतो, "तुमी थांबा साहेब, तिले बोलू द्या."

गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांना त्यांच्या शेतावर नेताना जीप काळ्या मातीत रुतली. "हे खटारं घेऊ नका म्हणलं होतं तुमाले," सासरे म्हणाले. मी मिस्त्रीला फोन लावला. तो मोटारसायकलवर आला, चाकांकडे बघून माझ्या कानाशी लागला. "साहेब, पुढच्या चाकाचे लॉकच फिरवले नाई तुमी. ते फिरवल्याबिगर पुढची चाकं जोर लावत नाई, मागचीच दोन ओढून राह्यली."

त्यानं दोन्ही लॉक गुपचूप फिरवले. काम संपलं होतं. पण सासऱ्यांचा चेहरा पाहून तो चिखलात आडवा झाला आणि गाडीखाली अर्धा तास पाना आपटत राहिला. मग लडबडलेला बाहेर येऊन म्हणाला, "लय मोठा बिघाड होता, बाबूजी. जवाई होते म्हणून इथवर तरी आली गाडी."

जीप एका झटक्यात निघाली. सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "आता मले रोज शेतावर तुमीच नेत जा."