मंडणगडच्या पोरीचा फोन

टेलिफोन राखायच्या नोकरीत आठवणी नकळत साठतात. गंमत म्हणून सांगायला बसावं, तर निम्म्यांत आपणच खाली मान घालून उभे असतो.

शाळेपासून मी घराबाहेर. परदेशात नेटवर्क सिक्युरिटी शिकले आणि गावाकडच्या कंपन्यांना वाचवायचं, अशा जिद्दीने रत्नागिरीत परतले. मिरकरवाड्याजवळच्या एका मासळी निर्यात कंपनीने टेलिफोनची सुरक्षा माझ्याकडे दिली. मला वाटलं होतं, सर्व्हर रूम असेल, हॅकरशी झुंज असेल. ऑफिसचे सगळे फोन जोडणारं एक्स्चेंज सापडलं पँट्रीत, गणपतीच्या तसबिरीखाली. वर उदबत्तीची राख. पासवर्ड ते बनवणाऱ्यांनी घालून दिलेला, तोच.

"बदलला का नाही?" मी विचारलं.

"चालतंय ना," अकाउंट्सचे भिडे म्हणाले. "चालत्या गाडीला कशाला खीळ घालायची?"

*

पहिल्याच आठवड्यात मी भाषण ठोकलं. व्हॉइसमेलचा पिन म्हणजे घराची किल्ली, प्रत्येकाने आपापला नवा ठेवा. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी बदलला. मी खूश. मग तपासलं, तर अख्ख्या ऑफिसचा पिन एकच.

"मी रजेवर गेलो तर माझे निरोप कोण ऐकणार?" भिडे म्हणाले. "म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवला."

*

मग नियम केला: फोनवर कुणी काही मागितलं, तर आधी ठेवायचा, आपल्याकडच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायची, मगच द्यायचं.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी अनोळखी नंबरवरून मालाचा भाव विचारला. डिस्पॅचच्या पोराने इमानेइतबारे फोन ठेवला आणि मालकांच्या घरी लावला. वहिनी म्हणाल्या, "ते तर कोल्हापूरला मीटिंगला गेलेत."

मालक मुरुडला होते. मित्रांबरोबर, एका खानावळीत. घरात कडक पथ्य चालू होतं.

सोमवारी त्यांनी मला बोलावलं. "नियम चांगला आहे," एवढंच म्हणाले.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

मालक कायम फिरतीवर. त्यांच्यासाठी एक सोय होती: बाहेरून आमच्या एक्स्चेंजला फोन करायचा, एक कोड दाबायचा, की कंपनीच्या लाइनवरून जगात कुठेही फोन लागायचा. चोरांना असंच दार हवं असतं. कोड हाती लागला की ते परदेशी फोन करत बसतात, बिल आपल्याला.

कोड मालकांना ठाऊक आणि ऑपरेटर सुलभाकाकींना. काकी कित्येक वर्षं त्या बोर्डावर. मला टेस्ट घ्यायची होती, खऱ्या चोरासारखी. मॅनेजर सावंतसाहेबांची परवानगी घेतली, गच्चीच्या जिन्यात उभी राहिले आणि आवाज बदलून फोन लावला. म्हटलं, मुंबई ऑफिसात नवी लागलेय, मालकांनी परदेशात फोन लावायला सांगितलाय, कोड हरवला, नोकरी जाईल.

"कुठची गो तू?" काकींनी विचारलं.

"मंडणगडची." काकींचं माहेर मंडणगडचं, हे मला माहीत होतं. "आई आजारी आहे. घरात कमावणारी मी एकटीच." आणि मी रडले. चांगलं जमलं.

"रडू नको गो बाय. लिहून घे."

कॉलचं रेकॉर्डिंग जोडून रिपोर्ट दिला, पण त्यात मी नाव लिहिलं नाही. ऑपरेटरऐवजी फोन उचलणारं मशीन बसवा, एवढी शिफारस केली. सावंतसाहेबांनी ते रेकॉर्डिंग कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवलं. नाव मी गाळलं होतं, पण तो आवाज तिथे कोण ओळखणार नव्हतं? "लिहून घे"ला लोक हसले. साहेब म्हणाले, "पुढल्या महिन्यापासून मशीनच फोन घेईल." काकी हातात घास धरून बसल्या होत्या.

संध्याकाळी डबा पिशवीत घालून त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"ती पोरगी तूच ना?"

"हो, काकी."

"आई बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे."

"मग झालं." आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न विचारता मालकांची ती सोयच बंद केली. मग त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "तुमचा कोड आता चालणार नाही. हे मी आल्या दिवशीच करायला हवं होतं. मशीन बसवायची शिफारसही मी मागे घेते."

मालक चिडले. "अगो, मग मी बाहेरगावाहून परदेशी फोन कसा लावायचा?"

"काकींना सांगा. त्या लावून देतील."