कोयत्यावानी आवळून धर

हे मी आजवर कुणापुढंच बोलले नाही. सभांमधून घसा फोडून सगळ्या जगाची पापं मोजली — माझं तेवढं गिळून बसले.

माझं पत्रक तुम्ही वाचलं असेल. गंगाखेडच्या स्टँडवर मीच वाटलं होतं. ‘द्वारकाच्या हातातली वल्ही कुणी हिसकावली?’ खाली ठळक अक्षरात उत्तर — व्यवस्थेनं! किती सोयीचा शब्द. व्यवस्थेला ना तोंड, ना नाव, ना बापाचा नदीकाठी ऊस.

मला आहे.

शाळेत असताना बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या पाण्यात नौकानयनाचे सर आम्हा पोरींना एकटीनं वल्हवायची बोट शिकवायचे. नीट ऐका, माझा गुन्हा इथंच आहे. दोन हातांत दोन वल्ही, खाली सरकती बैठक, आणि बोट इतकी अरुंद की शिंकलात तरी कलते. नवखं माणूस भीतीनं मूठ आवळतं. आवळली की मनगट जखडतं, पाण्यातून निघताना वल्ह्याचं पातं आडवं फिरत नाही, अडकतं — आणि बोट उलटते. वल्हं बोटांच्या पेरांत धरायचं. सैल. एवढं उमगायला मला अख्खा हिवाळा लागला. आमच्यातली द्वारका तेव्हा आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली.

ती परतली आणि थोड्याच दिवसांत माझ्या बरोबरीनं बोट काढू लागली. सर रविवारीच यायचे. एरवी तिला शिकवायचं काम माझं. निवड होऊन खेळाडूंच्या वसतिगृहात जागा एकीलाच मिळणार होती. ती मिळाली तर तिला पुन्हा ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं — हे मला माहीत नव्हतं? होतं. तिनंच सांगितलं होतं.

“पातं फिरंनाच गं. काय करू?”

“कोयत्यावानी आवळून धर.”

“हात सोलपटायलेत की!”

“सोलपटू दे. लय नाजूक झालीस व्हय?”

ती हसली. हसली! हंगामभर कोयत्याला सरावलेला हात हे लगेच मानणार — मी हेरूनच बोलले होते. चुकून तोंडातून गेलं, असं नाही.

निवडीच्या दिवशी पातं अडकलं, ती पाण्यात पडली. सर म्हणाले, हिचे हात जड आहेत. मी काठावर उभी होते. टॉवेल घेऊन.

जागा मला मिळाली. आणि काय दिवे लावले? मेसचं जेवण आवडेना म्हणून दिवाळीला घरी आले, ती परत गेलेच नाही. दिवाळी सरली आणि द्वारका तोडीच्या ट्रकात बसली. मी पत्रकं लिहायला लागले.

परवा बंधाऱ्यावर आमचं आंदोलन होतं — पोरींना बोटी द्या म्हणून. द्वारका धाकट्या बहिणीला घेऊन आली होती. मी माइकवरून व्यवस्थेचा उद्धार करत होते. खाली ती बहीण जुन्या बोटीत बसलेली, आणि द्वारका गुडघाभर पाण्यात उभी राहून तिला सांगत होती —

“सैल सोडू नको. कोयत्यावानी आवळून धर. मला हिनंच शिकिवलंय.” माझ्याकडं मानेनं खूण केली तिनं. कौतुकानं. “माझे हातच जड निघाले. तुझे न्हाईत.”

पोरीनं मूठ आवळली. मला स्पष्ट दिसत होतं. माइक माझ्या हातात होता.

मी पुढची घोषणा दिली.